एका दुभाष्याला सांगितले; बाकीच्यांचे काय?

सरकारी कामकाजात काही वाक्ये लिहिणाऱ्याला फार सुख देतात. "सदर तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे" हे त्यांतले सर्वांत जुने. संगणकीकरणानंतर त्याला एक धाकटे भावंड जन्मले : "प्रणालीमध्ये आवश्यक ती दुरुस्ती करण्यात आली आहे." हे वाक्य टिपणीत उतरले की प्रकरण बंद होते, वरिष्ठ समाधानी होतात, कंत्राटदाराचे देयक मार्गी लागते आणि पुढच्या आढावा बैठकीत प्रलंबित प्रकरणांचा आकडा एकाने घटतो.

माझा आक्षेप या वाक्यातील एकवचनाला आहे. प्रणालीमध्ये म्हणजे नेमकी कुठे? जिथे दोष सापडला तिथे दुरुस्ती झाली, हे मान्य. पण त्याच घडणीच्या, त्याच कामाच्या, बहुधा एकमेकींवरून नकलून काढलेल्या आणखी पाच-सात जागा शेजारी उभ्या असतात. त्या कोणी उघडून पाहिल्या काय? पाहिल्या असतील तर टिपणीत त्यांचा उल्लेख का नाही? आणि पाहिल्या नसतील तर "आवश्यक ती दुरुस्ती" झाली असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो? शेजारच्या जागा न तपासता लिहिलेले हे वाक्य म्हणजे अपुरी नोंद नव्हे, ती चुकीची नोंद आहे, आणि तिला तसेच वागवले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विषय तांत्रिक वाटेल. पण तो मुळात प्रशासनाचा आहे, आणि तो समजून घेण्यासाठी चेन्नईचे उदाहरण फार उपयोगी पडते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील मद्रासमध्ये 'दुभाष' नावाचा एक वजनदार वर्ग होता. शब्द आपल्या ओळखीचाच आहे, द्विभाषी. कंपनीचा साहेब आणि स्थानिक व्यापारी, विणकर, जमीनदार यांच्यामध्ये उभे राहून एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजेल अशा रूपात पोहोचविणे हे त्यांचे काम. ज्यांच्या नावाने आजही चेन्नईत महाविद्यालय आहे ते पच्चैयप्पा मुदलियार हे याच वर्गातले. आता अशी कल्पना करा की साहेबाचे पाच दुभाषे आहेत, प्रत्येक जण वेगळ्या बाजारपेठेशी बोलतो, आणि साहेबाने आपला हुकूम बदलून तो फक्त एकाच्या कानात सांगितला. उरलेले चौघे जुनाच हुकूम प्रामाणिकपणे सांगत राहतील. त्यांच्यापैकी कोणीही खोटे बोलत नाही, कोणी कामचुकार नाही. तरीही चार बाजारपेठांत साहेबाच्या नावावर असत्य विकले जात आहे.

सॉफ्टवेअरमध्ये या दुभाष्याला 'ॲडॅप्टर' म्हणतात. दोन प्रणालींची बोली एकमेकींना समजत नाही, तेव्हा मध्ये बसून भाषांतर करणारा हा छोटा प्रोग्राम. चेन्नईत सप्टेंबर २०२५ मध्ये 'चेन्नई वन' ही सेवा सुरू झाली. महानगर परिवहन महामंडळाची बस, मेट्रो, उपनगरी रेल्वे आणि रिक्षा-टॅक्सी हे सगळे एकाच मोबाइल ॲपमधून प्रवाशाला मिळावे, हा तिचा हेतू. ती चालविणाऱ्या एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरणाचा कायदा २०१० सालचा आहे. कायद्यापासून ॲपपर्यंत पंधरा वर्षे लागली यावरून काम किती अवघड होते याची कल्पना यावी. कारण बस राज्य सरकारच्या उपक्रमाची, मेट्रो केंद्र व राज्य यांच्या संयुक्त कंपनीची, उपनगरी गाड्या दक्षिण रेल्वेच्या आणि रिक्षा खाजगी माणसाची. बसचे भाडे टप्प्यांवर आणि बसच्या प्रकारावर ठरते, मेट्रोचे अंतरावर, रेल्वेचे तिच्या स्वतःच्या कोष्टकावर. 'तिकीट' हा शब्द एक, पण त्याचे अर्थ चार. म्हणून अशा कोणत्याही सेवेच्या पोटात जितके वाहतूकदार तितके ॲडॅप्टर असणे अपरिहार्य आहे. प्रवाशाला दर्शनी बाजूला एकच खिडकी दिसते. आत दुभाष्यांची रांग बसलेली असते.

आता एक काल्पनिक पण रोज घडू शकणारा प्रसंग घेऊ. प्रवाशाने पैसे भरले, पलीकडच्या प्रणालीने ते घेऊन तिकीटही काढले, पण "तिकीट काढले" हा निरोप नेटवर्क तुटल्याने परत आला नाही. ॲपने समजूतदारपणे तीच मागणी पुन्हा पाठविली. पलीकडे तिला नवी मागणी समजून दुसरे तिकीट निघाले. पैसे दोनदा गेले. उपाय माहीत असलेला आहे : प्रत्येक मागणीला एक अनन्य क्रमांक द्यायचा, म्हणजे तीच मागणी दुसऱ्यांदा आली तर पलीकडची प्रणाली तिला ओळखेल आणि नवे तिकीट न काढता जुन्याचाच निरोप देईल. मेट्रोच्या प्रवाशांनी तक्रार केली, मेट्रोच्या ॲडॅप्टरमध्ये हा उपाय झाला, आणि टिपणी लिहिली गेली की "प्रणालीमध्ये आवश्यक ती दुरुस्ती करण्यात आली आहे."

पण बसचा ॲडॅप्टर मेट्रोच्याच ॲडॅप्टरवरून नकलून लिहिलेला असेल तर? नक्कल करताना गुण जसे येतात तसे दोषही येतात. दुरुस्ती मात्र नकलेच्या मागे आपोआप चालत जात नाही. बसमध्ये पाच-दहा रुपये दोनदा कापले गेलेला मजूर तक्रार नोंदविणार नाही. त्याला पोर्टल सापडणार नाही, सापडले तरी त्यासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडविणे परवडणार नाही. येथे हा प्रश्न तांत्रिक राहात नाही. दुरुस्ती तक्रारीच्या मागे जाते आणि तक्रार ताकदीच्या मागे. म्हणून जे प्रशासन फक्त तक्रार आलेली जागा दुरुस्त करते, ते नकळत का होईना, ज्याला ओरडता येते त्याच्यासाठीच दुरुस्ती करत असते. राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाने दिलेली समानता ही अशी एका ॲडॅप्टरमध्ये नांदते आणि दुसऱ्यात गळून पडते, आणि त्यावर कोणाची सहीही नसते.

दारे वाढतात तसा हा धोका वाढतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये चेन्नई मेट्रोचे कमाल भाडे ७० रुपयांवरून ५० रुपयांवर आणण्यात आले, आणि कार्ड किंवा मोबाइलवरील क्यूआर तिकीट वापरणाऱ्यास २० टक्के सूट होती. त्यानंतरची वर्षे पाहा. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय सामायिक कार्डाच्या धर्तीवरील 'सिंगार चेन्नई' कार्ड आले, मे २०२३ मध्ये व्हॉट्सॲपवरून तिकीट मिळू लागले, पाठोपाठ खाजगी पेमेंट ॲप आली, जानेवारी २०२५ पासून तेच सिंगार कार्ड महामंडळाच्या बसमध्येही चालू लागले, आणि त्याच वर्षी एकत्रित ॲप आले. नागरिकाच्या सोयीसाठी उघडलेले प्रत्येक नवे दार स्वागतार्हच आहे. पण २०२१ सारखा भाडेबदल आज करायचा म्हटले तर तो या प्रत्येक दारात पोहोचला पाहिजे. एका दारात ५० आणि दुसऱ्यात ७० असे झाले, तर नागरिकाच्या दृष्टीने सरकारने निर्णय घेतलाच नाही. त्याने फक्त सोडत काढली.

तिकिटाचे पाच रुपये ही लहान बाब आहे असे कोणी म्हणेल. मग माणसाचे नाव घ्या. तामिळनाडूत आडनावाची चाल बहुतांशी नाही. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि स्वतःचे नाव, एवढ्यावर माणूस आयुष्य काढतो. समजा, रामसामी यांचे पुत्र आर. मुरुगन. आधारवर नावाचा रकाना एकच, सलग. पॅनच्या अर्जात मात्र आडनाव, पहिले नाव, मधले नाव असे तीन रकाने चालत आले, आणि आद्याक्षरे चालत नाहीत. त्यामुळे एकच गृहस्थ एकीकडे 'मुरुगन आर', दुसरीकडे 'मुरुगन रामसामी' आणि तिसरीकडे 'रामसामी मुरुगन' होतो. या तिसऱ्या ठिकाणी त्याच्या वडिलांनाच त्याचे पहिले नाव करून टाकलेले असते.

आधारशी बोलणारा प्रत्येक विभागाचा ॲडॅप्टर वेगळा आहे : प्राप्तिकराचा वेगळा, बँकेचा वेगळा, भविष्य निर्वाह निधीचा वेगळा, शिधापत्रिकेचा वेगळा. नाव जुळले असे केव्हा मानायचे, हे प्रत्येकाने आपापल्या परीने ठरविलेले असते. १ जुलै २०१७ पासून पॅन व आधार यांची जोडणी कायद्याने आवश्यक झाली, तेव्हा नावातील किरकोळ तफावत असेल तर मोबाइलवर आलेल्या संकेतांकाने खात्री करून जोडणी करण्याची वाट प्राप्तिकर विभागाने उघडून दिली. निर्णय योग्य होता. पण ती वाट एका विभागाच्या पुलावर होती. शेजारच्या पुलांना ती आपोआप मिळत नव्हती, कारण "हाच प्रश्न आणखी कोणत्या जोडण्यांमध्ये आहे" असे विचारण्याची जबाबदारी कोणत्याही एका कार्यालयाची नव्हती. पुढे १ जुलै २०२३ पासून न जोडलेली पॅन निष्क्रिय ठरू लागली. म्हणजे नावाच्या जुळणीची किंमत आता पैशांत मोजली जाऊ लागली.

आपण मराठी माणसांनी हे तमिळांचे दुखणे म्हणून दुरून पाहू नये. शाळेच्या दाखल्यावर 'पाटील सुरेश रामचंद्र' आणि बँकेत 'सुरेश रामचंद्र पाटील' हा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. त्याहून सूक्ष्म उदाहरण सांगतो. ज्या शब्दावर हा लेख उभा आहे त्या 'ॲडॅप्टर'चे पहिले अक्षर संगणकात दोन प्रकारे साठविले जाते. युनिकोडमध्ये 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर २००८ साली आले. त्यापूर्वी 'अ' आणि त्यावर वेगळा चंद्र अशी दोन चिन्हे जोडून ते लिहीत. डोळ्यांना दोन्ही एकच. संगणकाला मात्र ती वेगळी, आणि युनिकोडच्या नियमांतही ती आपोआप समान मानली जात नाहीत. त्यामुळे वसईची एखादी 'ॲग्नेस' जुन्या नोंदीत एका प्रकारे आणि नव्या अर्जात दुसऱ्या प्रकारे लिहिली गेली, तर जिवंत बाई शोधात सापडत नाही. ज्या कार्यालयाने आपल्या एका शोधखिडकीला हा फरक शिकविला, त्याने त्याच कार्यालयातील दाखल्याच्या, निवृत्तिवेतनाच्या आणि वारसनोंदीच्या खिडक्यांनाही तो शिकविला काय? निवृत्तिवेतनासाठी आलेल्या विधवेला या प्रश्नाचे उत्तर हवे असते. "आवश्यक ती दुरुस्ती" झाल्याचे तिला कळवून उपयोग नाही.

यावर पहिला बचाव असा केला जातो की हा संगणकाचा नवा प्रश्न आहे, जुन्या प्रशासनाला याची सवय नव्हती. हे साफ चूक आहे. महसूल खात्याला याची सवय शतकाहून अधिक काळ आहे. जमिनीचा हक्क बदलला की नोंद प्रथम गाव नमुना ६ मध्ये, फेरफाराच्या नोंदवहीत होते. फेरफाराचा क्रमांक सात-बारावर पेन्सिलीने लिहिण्याची पद्धत होती, म्हणजे प्रकरण प्रलंबित आहे हे पाहणाऱ्याला कळावे. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की सात-बारावर शाईने अंमल, आणि खातेदाराच्या ८-अ मध्येही तोच बदल. एका नमुन्यात क्षेत्र बदलले आणि दुसऱ्यात राहिले, तर तपासणीत ताळा जुळत नसे आणि तलाठ्याला जाब द्यावा लागे. या पद्धतीचे मर्म कागदात नव्हते. एक बदल ज्या ज्या जागी पोहोचायला हवा त्या जागांची यादी बदल होण्यापूर्वीच ठरलेली होती, आणि अर्धवट पोहोचलेला बदल पेन्सिलीच्या खुणेने उघड दिसत होता. संगणक आणताना आपण नमुने आणले, पण पेन्सिल मागेच विसरलो.

दुसरा बचाव, हे व्यवहारात शक्य नाही. याला उत्तर रेल्वेने दिले आहे. संगणकीय आरक्षण सुरू झाले तेव्हा दिल्ली, मुंबई, कोलकाता, मद्रास आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे स्वतंत्र होती. मद्रासच्या केंद्राला आपल्या गाड्या माहीत, दिल्लीच्या केंद्राला आपल्या. १९९४ साली सिकंदराबादपासून 'कॉन्सर्ट' या नावाची प्रणाली बसविण्यास सुरुवात झाली आणि १९९९ मध्ये पाचही केंद्रे एकमेकांशी जोडली गेली. माहिती ज्याच्या त्याच्या घरी, पण सॉफ्टवेअर पाचही ठिकाणी एकच. त्यामुळे चेन्नईच्या खिडकीवर दिल्लीहून परतीचे तिकीट त्याच नियमाने मिळू लागले. ऑगस्ट २००२ पासून त्याच आरक्षणाला इंटरनेटचे दार जोडले गेले.

त्याहून शिकण्यासारखा आहे तो रेल्वेचा ऑक्टोबर २०२४ चा आदेश. आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणण्यात आली. पण आदेश तिथेच थांबला नाही. ३१ ऑक्टोबरपर्यंत काढलेली तिकिटे तशीच वैध राहतील. ताज एक्स्प्रेस, गोमती एक्स्प्रेस यांसारख्या दिवसा धावणाऱ्या काही गाड्यांना आधीपासून असलेली कमी मुदत कायम राहील. परदेशी पर्यटकांसाठीची ३६५ दिवसांची मुदत बदलणार नाही, हेही त्यात लिहिले होते. बदल कोणाला लागू, कोणाला नाही, आणि जुन्या व्यवहारांचे काय, ही तिन्ही उत्तरे एका ठिकाणी. हा आदेश आवडो वा न आवडो, त्यातला प्रत्येक फरक कोणीतरी विचार करून ठेवलेला आहे आणि त्याला सहीचा धनी आहे.

माझ्या सर्व म्हणण्याचा गाभा हाच. समांतर ॲडॅप्टरमध्ये फरक असू नयेत असे मी म्हणत नाही. निर्णयाने ठेवलेला फरक आणि विसरल्यामुळे राहिलेला फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बाहेरून त्या अगदी सारख्या दिसतात. त्यांना वेगळे करणारी एकच गोष्ट असते : लिहून ठेवलेले कारण.

हे सांगणे आवश्यक आहे, कारण उत्साही मंडळींचा एक तिसराच पवित्रा असतो. ते म्हणतात, एवढी कटकट कशाला, सगळे ॲडॅप्टर काढून एकच करा, सर्वांना एकच नियम लावा. हा मोह किती फसवा आहे हे पाहण्यासाठीही तमिळ भाषेइतके चांगले उदाहरण नाही. भारतीय लिप्यांसाठीच्या 'इस्की' या प्रमाणकात सर्व लिप्या एकाच वर्णमालेच्या साच्यात बसविल्या होत्या आणि युनिकोडने १९८८ च्या इस्कीचाच आधार घेतला. त्यामुळे युनिकोडमध्ये देवनागरीचा विभाग २३०४ या क्रमांकापासून आणि तमिळचा २९४४ पासून सुरू होतो, आणि दोहोंत समान वर्ण समान अंतरावर येतात. देवनागरी 'क' २३२५ वर, त्यात ६४० मिळविले की २९६५, तिथे तमिळ 'क' बरोबर सापडतो. किती सुंदर व्यवस्था! पण 'ग'चा क्रमांक २३२७. त्यात ६४० मिळविले तर २९६७, आणि तिथे काहीच नाही, कारण तमिळ लिपीत 'ग' साठी वेगळे अक्षरच नाही. 'क' हाच तिथे जागेनुसार 'ग' असा उच्चारला जातो. जो प्रोग्रामर "सगळ्या लिप्या सारख्या" असे समजून एका ओळीत काम उरकेल, तो 'गणेश'चे लिप्यंतर करताना पहिल्याच अक्षराला रिकामी चौकट दाखवील. तमिळचे ते रिकामे घर ही चूक नव्हे, तो त्या लिपीचा स्वभाव आहे. एकसारखेपणा लादून ते भरता येत नाही. सुसंगती म्हणजे सर्वांना एका मापाचा अंगरखा शिवणे नव्हे. प्रत्येकाचे माप घेतले आहे याची खात्री म्हणजे सुसंगती.

पण मग फरक ठेवून मोकळे व्हावे, असेही चालत नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत मार्ग सोडून नष्ट झाले. दिशा सांगणारे सॉफ्टवेअर आधीच्या एरियान-४ वरून घेतलेले होते. त्यात आकड्यांचे रूपांतर करताना मर्यादा ओलांडली जाण्याचा धोका सात जागी आहे हे अभियंत्यांनी ओळखले होते. चार जागी संरक्षण घातले, तीन जागी घातले नाही, कारण जुन्या रॉकेटच्या वेगांत तिथे मर्यादा ओलांडली जाणे शक्य नव्हते. तो विसर नव्हता, निर्णय होता. नवे रॉकेट अधिक वेगाने आडवे सरकले, संरक्षण नसलेल्या एका जागी आकडा मावेनासा झाला, आणि मुख्य यंत्र बंद पडले. पर्यायी यंत्रातही हेच सॉफ्टवेअर असल्याने तेही तसेच बंद पडले होते. चौकशी मंडळाने नोंदविले की त्या तीन जागा का सोडल्या याचे कारण प्रोग्राममध्ये प्रत्यक्ष कुठेच लिहिलेले नव्हते. कारण न लिहिलेला निर्णय काही वर्षांनी विसराइतकाच घातक होतो, तो असा.

राहिला चौथा बचाव, आणि मला सर्वांत जास्त चीड येते ती त्याची : "तो आमच्या कार्यकक्षेत नाही." बसचा ॲडॅप्टर एका कंत्राटदाराकडे, मेट्रोचा दुसऱ्याकडे, त्यांची टेंडरे वेगळी, देखभालीचे करार वेगळे, कार्यासनेही वेगळी. एका कंत्राटदाराने दोष शोधला तर तो दुसऱ्याला सांगण्यात त्याला लाभ नाही, आणि दुसऱ्याने तो दुरुस्त करायचा तर त्यासाठी वेगळी 'चेंज रिक्वेस्ट', वेगळे देयक. हे सारे खरे आहे. पण ही रचना आकाशातून पडलेली नाही. टेंडर आपण काढले, कार्यकक्षा आपण आखल्या. स्वतः घातलेल्या कुंपणाकडे बोट दाखवून पलीकडच्या शेताची जबाबदारी नाकारणे हा शिष्टाचार प्रशासनात फार मुरला आहे. कंत्राटदाराला आपल्या हद्दीपुरते पाहण्याचा अधिकार आहे. शासनाला नाही. नागरिकाने करार एकाच शासनाशी केलेला असतो.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आणि नेमक्या आहेत. त्यांना नवा कायदा लागत नाही की फार मोठा पैसाही लागत नाही.

पहिली, भावंडांची नोंदवही. एकाच प्रकारचे काम करणारे जितके ॲडॅप्टर असतील त्यांची यादी, प्रत्येकापुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम आणि कंत्राटदार. यादी नसेल तर बदलाला मंजुरी नाही.

दुसरी, बदलाच्या प्रत्येक टिपणीत यादीतील प्रत्येक भावंडापुढे एक ओळ. उत्तरे तीनच : बदल केला, बदलाची गरज नाही, कारण अमुक, अथवा नंतर करणार, अमुक तारखेपर्यंत. तिसरे उत्तर ही आपली पेन्सिलीची खूण आहे, आणि तारीख उलटली की ती आपोआप वरिष्ठांपुढे गेली पाहिजे. रिकामी ओळ मात्र चालणार नाही.

तिसरी, सामाईक चाचणीसंच. दुहेरी मागणी आली तर काय, निरोप हरवला तर काय, आद्याक्षरी नाव आले तर काय, असे प्रश्न एकदाच लिहायचे आणि ते सर्व ॲडॅप्टरना विचारायचे, मग बदल कोणत्याही एकात झालेला असो. नवा दोष सापडला की आधी त्याचा प्रश्न या संचात घालायचा आणि मगच दुरुस्तीला हात लावायचा. ही अट टेंडरमध्येच हवी, म्हणजे चेंज रिक्वेस्टची सबब उरणार नाही.

चौथी, नकार स्पष्ट शब्दांत हवा. एखाद्या ॲडॅप्टरला एखादी सुविधा देता येत नसेल तर त्याने "ही सुविधा येथे नाही" असे सांगावे. मुकाट्याने माहिती गाळून पुढे जाणारा दुभाषा हा चुकीचे बोलणाऱ्यापेक्षा अधिक धोकादायक, कारण त्याची चूक पकडलीच जात नाही.

वेळ जाईल, असे म्हटले जाईल. हो, जाईल. एका बदलाला दोन दिवस लागत असतील तर चार लागतील. पण आज ते वाचविलेले दोन दिवस कोण भरते? तेच दिवस मुरुगन बँकेच्या रांगेत भरतो, ॲग्नेसची सून तहसील कार्यालयाच्या बाकावर भरते. शासनाचा वेळ वाचला असे आपण म्हणतो तेव्हा तो पुष्कळदा नागरिकाच्या खात्यावर टाकलेला असतो, एवढेच.

या लेखाचे वाचक बरेचसे टिपणीवर सही करणारे आहेत. "प्रणालीमध्ये आवश्यक ती दुरुस्ती करण्यात आली आहे" असे वाक्य पुढच्या वेळी समोर येईल तेव्हा त्याखाली सही करण्यापूर्वी समासात दोनच शब्द लिहा : "आणखी कुठे?" उत्तर येईपर्यंत फाइल बंद करू नका.